चार नंबर हजर

५ फेब्रुवारी, सोमवार

बाबांचं प्रेशर पुन्हा एकशे ऐंशी! डॉक्टरांचा फोन ऑफिसात असतानाच आला. महिन्यातून एकदा घरी जाऊन तपासतात ते. विचारतात, "गोळ्या वेळेवर दिल्या जातायत ना?" मला रागच आला. म्हटलं, "डॉक्टर, ताई देते. म्हणजे प्रश्नच नाही." एकोणतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई ती. तिच्याकडे बघून घड्याळ लावावं. तर म्हणाले, मग डोस दुप्पट करून बघू. आणि जाता जाता म्हणाले — दुसरा झटका टाळायचा असेल तर हे प्रेशर खाली यायलाच हवं. ते वाक्य तेव्हापासून डोक्यात बसलंय.

पहिल्या झटक्यात बाबांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दुसरा काय नेईल ते कळायला डॉक्टर कशाला हवेत.

लगेच ताईला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "डोस वाढवलाय गं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन." "बरं. देते. तू काळजी करू नकोस." चाळीस सेकंदांत विषय संपला. अशी माणसं हवीत!

७ फेब्रुवारी, बुधवार

आम्हा तिघा भावंडांच्या कामांचा तक्ता नव्याने केला. ताई बाबांजवळ, त्याच घरात. मी चार तासांवर. दादा त्याहून लांब. नियम माझा ऑफिसातलाच — ज्याच्या हातात कमी काम, पुढचं काम त्याला. आणि कुणाच्या हातात किती ते कळायला दर रविवारी दोघांना फोन.

दादाला "काय चाललंय" विचारायची सोय नाही. गुडघ्यापासून सुरुवात, मग त्याचा साहेब, मग मुलाची परीक्षा, मग परत गुडघा. वीस मिनिटांनी मीच दमते आणि त्याला काम सांगायचं राहून जातं. ताईला विचारलं की, "माझं काय, सगळं झालं." मग काय, पुढचं काम तिलाच. बाबांना अंघोळ घालायला मावशी येतात, त्यांच्या सुट्टीच्या दिवशीची अंघोळसुद्धा आज तिच्याच नावावर टाकली. नळवाल्याला बोलावणंही.

तक्त्यात आता ताईकडे चौदा, माझ्याकडे पाच, दादाकडे तीन. लाज कशी वाटत नाही माणसाला!

८ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांकडे पाहुणे आले होते. त्यांना आमचं काम समजावून सांगायला मला पुढे केलं. मला आवडतं ते, कशाला खोटं बोलू.

म्हटलं — आमच्या हॉस्पिटलांचे पेशंट घरबसल्या आपले रिपोर्ट बघतात. डॉक्टरही तिथेच बघतात. एका यंत्राला एवढी गर्दी झेपत नाही, म्हणून सहा सर्व्हर ठेवलेत, सहाही सारखेच. त्यांच्या पुढे एक यंत्र उभं, लोड बॅलन्सर. त्याचं काम एवढंच, आलेल्या माणसाला सहांपैकी कुणाकडे पाठवायचं ते ठरवणं. आम्ही त्याला वाढपी म्हणतो. तो दर पाच सेकंदांनी प्रत्येकाला विचारतो, "आहेस का?" उत्तर आलं, "आहे", की पडद्यावर हिरवा दिवा. तीनदा उत्तर नाही आलं की लाल. मग त्याच्याकडे कुणालाच पाठवत नाही, त्याच्या वाट्याची माणसं बाकीच्या पाचांत. माणसाला कळतही नाही की मागे एक जण आजारी पडलाय.

एका पाहुण्याने विचारलं, सरळ पाळीपाळीने का नाही पाठवत? म्हटलं, पाळी बघितली तर एखाद्याच्या वाट्याला सगळी किचकट कामं येतात आणि शेजारचा माशा मारत बसतो. त्यापेक्षा ज्याच्या हातात त्या क्षणी सगळ्यात कमी काम, त्याला द्यावं. हे मी तीन वर्षांपूर्वी भांडून बसवलेलं. तेव्हापासून एकदाही सगळं बंद पडलेलं नाही!

११ फेब्रुवारी, रविवार

फोनवार.

दादा एकोणीस मिनिटं. आज नवीन रडगाणं — "ताईने मला परवा तीन वेळा फोन केला गं. तिन्ही वेळा तेच विचारलं, पोचलास का नीट. मी कुठे निघालोच नव्हतो!" म्हटलं, "अरे, घरात दिवसभर बोलायला कुणी नाही तिला. बाबा असे. तुला तेवढंही जड जातं?" "तसं नाही गं…" त्याचं 'तसं नाही गं' सुरू झालं की तासाभराची निश्चिंती. ठेवून दिला.

ताईशी व्हिडिओवर बोलले, म्हणजे बाबा दिसतात. बाबांनी मला बघितलं आणि डावा हात गादीवर आपटायला लागले. आपटतायत, माझ्याकडे बघतायत, परत आपटतायत. "काय म्हणतायत गं?" "तुला बघून खूष झालेत." मलाही हसू आलं. मग विचारलं, "गोळ्या?" "दिल्या की. सगळं झालं. तू काळजी करू नकोस."

ही बाई आहे म्हणून मी इथे नोकरी करू शकते. एकदा तोंडावर सांगायला हवं तिला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दहा वाजता हॉस्पिटलांच्या काउंटरवरून फोन सुरू झाले. पेशंटना पानावर दिसतंय, "तुमच्या नावे एकही रिपोर्ट नाही." एकाला नाही, दोघांना नाही, शेकड्यांनी. मी पडदा बघितला. सहाच्या सहा हिरवे. वाढपी मजेत. मी काउंटरवाल्या बाईला म्हटलं, "आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमचंच नेट बघा." असं म्हटलं मी! दोनदा म्हटलं.

पडद्यापाशी फौजी बसतो. मिलिटरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला माणूस, कमी बोलतो. अकरा वाजता तो म्हणाला, "मॅडम, ह्या चार नंबरकडे बघा. फार पटकन उत्तर देतोय. काम करणारा इतक्या पटकन मोकळा होत नाही." मी म्हटलं, "चांगला चाललाय म्हणून वाईट वाटतंय का तुम्हाला?" तो परत पडद्याकडे वळला.

अकरा पस्तीसला मीच चार नंबर बंद केला, दुसरं काही सुचेना म्हणून. आणि फोन थांबले.

१४ फेब्रुवारी, बुधवार

कळलं. इथे नीट लिहून ठेवते, कारण ऑफिसच्या कागदावर हे असं लिहिता येणार नाही.

सगळे रिपोर्ट असतात मागच्या एका गोदामात, म्हणजे डेटाबेसात. सोमवारी त्याचा पासवर्ड बदलला. पाच सर्व्हरना नवा दिला. चार नंबरचा राहिला. जुना पासवर्ड गोदामात मंगळवारी सकाळी दहापर्यंत चालला, मग बंद झाला. चार नंबर स्वतः ठणठणीत, फक्त गोदामाचं दार त्याला उघडेना. तर तो काय करायचा — माणूस आला की न शोधताच सांगायचा, "नाही." बाकीच्यांना शोधायला अर्धा सेकंद लागतो. ह्याला काहीच लागत नाही. म्हणजे हा सदा मोकळा. आणि वाढपी बघतो कोण मोकळा! दहातले सात जण त्याने चार नंबरकडे धाडले. जितकं काम बिघडवत होता तितकं जास्त काम त्याला मिळत गेलं.

फौजीला सांगितलं तर म्हणाला, "सोपं आहे मॅडम. ज्याचं ताट रिकामं त्याला वाढ, असा हुकूम. आता एखादा पानातलं सगळं पाटाखाली लोटत असेल तर त्याचं ताट रिकामंच दिसणार. वाढप्याचा काय दोष?"

आणि "आहेस का" विचारलं की चार नंबर म्हणायचा, "आहे." खोटं कुठे बोलला? होताच तो. विचारणाऱ्याने एवढंच विचारलं होतं. आणि काय विचारायचं ते ठरवलं मी.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

एका म्हातारीच्या रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलेलं होतं. मंगळवारी मुलाने फोनवर बघितलं, "एकही रिपोर्ट नाही." काही असतं तर कळवलं असतं, असं म्हणून तो आईला घेऊन घरी गेला. बुधवारी पहाटे तिला उचलून आणलं. अतिदक्षतेत आहे.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठक. साहेबांचा कल फौजीकडे. "पडद्यापाशी बसलेल्या माणसाने काय केलं?" फौजी उभा, हात मागे. मीच उठले. म्हटलं, त्यांनी अकरालाच मला सांगितलं होतं, मी त्यांची टिंगल केली. तपासणी मी बसवलेली, वाटपाचा नियम माझा. लिहून देते.

बाहेर आल्यावर फौजी म्हणाला, "पाणी प्या."

१८ फेब्रुवारी, रविवार

कुणाशी बोलायची ताकद नव्हती. दादाला केलाच नाही. ताईला एक मिनिट. सगळं झालं म्हणाली.

२० फेब्रुवारी, मंगळवार

म्हातारी वॉर्डात आली. काउंटरवाल्या बाईने आपणहून फोन करून सांगितलं. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले, तोंड धुऊन परत आले.

नवी तपासणी आजपासून सुरू. आता "आहेस का" नाही विचारत. एक खोटा पेशंट तयार केलाय, त्याच्या नावे एक रिपोर्ट ठेवलाय गोदामात. वाढपी प्रत्येकाला सांगतो, ह्याचं हिमोग्लोबिन किती ते आणून दे. बरोबर आकडा आणला तरच हिरवा. फौजी खूष. म्हणाला, "नुसतं 'हजर' म्हणून काय उपयोग, कवायत करून दाखव म्हणावं."

२१ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर. एकशे पंच्याण्णव! डोस दुप्पट करूनही चढलंच. मुद्दाम जाऊन आले होते ते. आता तिसरी गोळी जोडू म्हणतात, ती जरा जोराची असते म्हणतात. म्हटलं, जोडा. आणखी काय म्हणणार?

बाबा जातील का? लिहून बघितलं. लिहूनही धीर येत नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अहवाल लिहीत होते. ऑफिसची भाषा — "प्रतिसाद मिळत होता, त्यामुळे काम होत आहे असे गृहीत धरण्यात आले." लिहिलं, आणि पुढे हातच चालेना.

जिन्यात जाऊन ताईला फोन केला. पहिली रिंग. "हं, बोल."

आज "दिल्यास का" नाही विचारलं. म्हटलं, "ताई, बाबांच्या गोळ्यांचं पाकीट हातात घे. किती उरल्यात ते मोजून सांग."

ती म्हणाली, "दिल्या गं मी."

"दिल्यासच तू. फक्त मोजून सांग."

"नंतर. दूध उतू जातंय." फोन बंद.

गणिताची बाई. दहा गोळ्या मोजायला "नंतर" म्हणते? मी सहा वेळा परत लावला. सहाही वेळा पहिल्या रिंगला उचलला, सहाही वेळा "सगळं झालं, तू काळजी करू नकोस." तेच शब्द, त्याच चालीत. हे शब्द मी किती महिने ऐकतेय? आणि मला बरं वाटत होतं!

साहेबांकडे रजा मागितली. शनिवारी निघते. उद्या अहवालाची सुनावणी, त्याच्या आधी सोडत नाहीत.

२४ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी पोचले. घर स्वच्छ. बाबांच्या अंगावर धुतलेली चादर. ताई दारातच हसली, "आलीस?" मला वाटलं, मीच वेडी, उगाच आले.

मग बाबांचं कपाट उघडलं.

औषधं मी फोनवरून मागवते, दुकानवाला घरपोच देतो. कागदी पिशव्या, तोंडाला पिन मारलेली. सात पिशव्या ओळीने लावून ठेवलेल्या, एकीचीही पिन काढलेली नाही. सगळ्यात मागची नोव्हेंबरची. चार महिने बाबांच्या पोटात एकही गोळी गेलेली नाही. आणि न दिलेल्या गोळीचा डोस आम्ही दुप्पट करत होतो!

मावशी म्हणाल्या, "मी फक्त अंघोळीपुरती येते हो. गोळ्या ताई बघतात ना?" त्यांना तसंच वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. डॉक्टरांनाही मीच तसं सांगितलं होतं.

मग मी ताईला जे बोलले ते लिहायला नको, पण लिहिते. खोटारडी म्हटलं. म्हटलं, बाबांच्या जिवावर उठलीस, जमत नव्हतं तर तोंड शिवलं होतं का? ती म्हणत राहिली, "दिल्या मी. मला खोटं पाडतेस?" तिचा आवाज चढला, माझा त्याहून. पिशव्या तिच्यापुढे आपटल्या. ती त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू दुसऱ्या कुणाच्या घरातून आणल्यात. कसलं नाटक! मग स्वयंपाकघरात जाऊन बसली.

बाबा सगळं ऐकत होते. मी गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं, डाव्या हाताने, जोरात. हेच सांगत होते ते त्या रविवारी. हात आपटून आपटून सांगत होते, आणि मी गालातल्या गालात हसत होते.

दादाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने. त्याचा गुडघा नाही, साहेब नाही. एवढंच म्हणाला, "मी तुला सांगायला बघत होतो गं." मी आजवर त्याला कधी बोलणं पुरं करू दिलंय? म्हटलं, "सांग आता." तो रडायला लागला. म्हणाला, "उद्याच्या उद्या निघतो, परवा पोचतो."

२५ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर येऊन गेले. तिसरी गोळी रद्द, दुप्पट रद्द. पहिला साधा डोस, आजपासून, जणू काल आजार कळलाय असं समजून. चार महिने बाबा नुसत्या नशिबावर तगलेत, असं सरळ म्हणाले. सकाळची गोळी मी स्वतः दिली. बाबांनी गिळली आणि डोळे मिटून घेतले.

डॉक्टर जाताना म्हणाले, "ताईंनाही एकदा निवांत बघायचंय मला." म्हटलं, तिला काय धाड भरलीय. रुसून बसलीय फक्त.

कालपासून माझ्याशी बोललेली नाही. मीही नाही. माझा राग अजून उतरलेला नाही. तक्ता मात्र फाडून टाकला.

२६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सातला ताई चहा घेऊन आली. ट्रेमध्ये, पाहुण्यांच्या कपात. माझ्यापुढे ठेवून लांब, खुर्चीच्या टोकावर बसली. पदर सारखा केला. म्हणाली, "तुम्ही फार लांबून आलात ना? बाबा झोपलेत. जरा थांबा हं. माझी धाकटी बहीण येईल, तिला विचारा. सगळं तीच बघते."

मी म्हटलं, "थांबते."